सांगितलं तेवढंच वजन

नकाशे घेऊन येणारे बहुतेक घरमालक उठता उठता एक प्रश्न विचारतातच : "मॅडम, डिझाइन कॉम्प्युटरवर केलंय ना?" मी हो म्हणते. त्यांचा जीव भांड्यात पडतो, चहा संपतो आणि फीची घासाघीस सुरू होते. कॉम्प्युटरला नेमकं काय काय सांगितलंय, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. विचारायला हवं. इमारतीचं निम्मं भवितव्य त्या सांगण्यातच ठरलेलं असतं.

मी आरसीसी कन्सल्टंट. सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकले, पुण्यात ऑफिस आहे. आर्किटेक्ट घर आखतो, कंत्राटदार बांधतो. कॉलम केवढा, बीम किती खोल आणि त्यात सळई किती, हे आम्ही ठरवतो. इमारतीच्या जाहिरातीत आमचं नाव सगळ्यात खाली, बारीक टायपात असतं. इमारतीला तडा गेला की मात्र पहिला फोन आम्हालाच येतो.

आमच्या धंद्यात ईटॅब्स आणि स्टॅड ही दोन सॉफ्टवेअर घरोघरची झाली आहेत. ईटॅब्सचं कूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठापर्यंत जातं. तिथले प्राध्यापक एडवर्ड विल्सन यांनी १९७०मध्ये 'सॅप' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, त्याच घराण्यातली ही मंडळी. त्याआधी सगळं हाताने चालायचं. इलिनॉय विद्यापीठातल्या हार्डी क्रॉस यांनी १९३०मध्ये एक पद्धत मांडली. सांध्यावरचा असमतोल थोडा थोडा शेजारच्या बीम-कॉलमांत वाटत जायचा, तो नगण्य होईपर्यंत. जगभरच्या इंजिनिअरांनी पुढे कित्येक वर्षं त्याच पद्धतीने इमारती उभ्या केल्या. ती आणि कानीची पद्धत आम्हाला परीक्षेला असायची. एका फ्रेमला फुलस्केपची चार पानं लागायची.

आता पडद्यावर इमारत म्हणजे रेघांचा पिंजरा. उभी रेघ कॉलम, आडवी रेघ बीम, दोन्ही भेटतात तो बिंदू म्हणजे नोड. प्रत्येक नोड तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती फिरू शकतो, म्हणजे सहा अज्ञात. वीस कॉलमांची सात मजली इमारत घेतली तर नोड एकशेचाळीस आणि समीकरणं आठशेचाळीस. चहाचा कप उचलेपर्यंत ती सुटलेली असतात. गणितात मशीन चुकत नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या पिंजऱ्याला स्वतःची अक्कल नाही. रेघेला जाडी नसते, ती आपण सांगायची. रेघेवर भिंत आहे का, भिंत विटांची की ब्लॉकची, तिच्या पलीकडे संडास आहे की देवघर, हेही आपणच सांगायचं. सांगितलं नाही तर पडद्यावरच्या त्या घरात भिंत नाही, संडास नाही आणि देवही नाहीत.

वजनाचा हिशेब आयएस ८७५ या मानकावर चालतो. सळई घातलेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन धरतात. पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरचा स्लॅब घेतला तर एका चौरस मीटरला तीनशे बारा किलो झाले. त्यावर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून सव्वाशे-दीडशे किलो. ही झाली कायमची वजनं, आमच्या भाषेत डेड लोड. माणसं, कपाटं, पलंग, फ्रीज वगैरेंसाठी राहत्या खोलीला चौरस मीटरला दोनशे किलो धरायचे, तो लाइव्ह लोड. जिना, पॅसेज आणि बाल्कनीला तीनशे. दहा बाय बाराच्या खोलीत दोनशेच्या हिशेबाने सव्वादोन टन बसतात, म्हणजे तीस-पस्तीस माणसं. बारशाला तेवढी जमतात कधीकधी. शिवाय डिझाइन करताना या सगळ्याला दीडने गुणतात. घर तेवढ्याने पडत नाही ते याच मोकळ्या हातामुळे.

खरी मेख भिंतीत आहे. नऊ इंची विटांची भिंत, बीमखाली अडीच मीटर उंचीची, धावत्या मीटरला अकराशे-साडेअकराशे किलोची होते. प्लास्टर धरलं तर आणखी जास्त. तीच भिंत सहा इंची हलक्या ब्लॉकची केली तर प्लास्टरसकट साडेचारशेच्या आसपास. आर्किटेक्टच्या नकाशात दोन्ही भिंती दोन समांतर रेघांनीच दाखवलेल्या असतात. त्यातून काम सुरू झाल्यावर ब्लॉक वेळेवर मिळाले नाहीत म्हणून साइटवर विटा येतात. त्या बीमचं गणित ब्लॉक धरून कधीच झालेलं असतं. तिथे मला फोन आला तर ठीक. बहुतेक वेळा येत नाही.

संडास-बाथरूमची गोष्ट वेगळी. तिथला स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली उतरवतात, पाइप त्या खड्ड्यातून फिरवतात आणि खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरून टाकतात. त्या फूटभर भरावाचं वजन चौरस मीटरला पाचशे-साडेपाचशे किलोपर्यंत जातं. शेजारच्या बेडरूममध्ये माणसं आणि सामान मिळून दोनशे धरलेत आणि इथे नुसता भरावच पाचशेचा. घरातली सगळ्यात लहान खोली सगळ्यात जड असते. नवशिक्याच्या मॉडेलमध्ये हा भार सर्रास राहून जातो. कारण सोपं आहे, नकाशावर तो दिसतच नाही.

ऑफिसात शिकायला आलेल्या एका मुलाने सात मजली इमारतीचं मॉडेल करून आणलं. पडद्यावर सगळे कॉलम पास. ईटॅब्समध्ये झेपत नसलेला कॉलम लाल होतो, इथे लालाचा ठिपकासुद्धा नव्हता. गडी खूश. मी रंगांकडे न पाहता पायाच्या प्रतिक्रियांचा तक्ता काढायला सांगितला, म्हणजे सगळे कॉलम मिळून जमिनीवर एकूण किती वजन टेकवताहेत तो आकडा. तो आला साधारण अठराशे टन. आता माझं पाकिटावरचं गणित : मजल्याचं क्षेत्रफळ तीनशे चौरस मीटर, राहत्या इमारतीत बीम, भिंती, माणसं सगळं धरून चौरस मीटरला ढोबळमानाने बाराशे किलो, मजले सात. म्हणजे अडीच हजार टन. पन्नास-शंभर टन इकडेतिकडे झाले असते तर सोडून दिलं असतं, पण सातशे टन म्हणजे गंमत नाही.

शोधल्यावर सापडलं. ईटॅब्सच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा पर्याय असतो : केलेला बदल एकाच मजल्यावर लागू करायचा, सारख्या मजल्यांवर की सगळ्या मजल्यांवर. तो 'एकच मजला'वर राहिला होता. पोराने भिंतींचे भार मन लावून टाकले होते, एकूण एक बीमवर, मापं बरोबर. फक्त ते एकाच मजल्याला लागले. उरलेले सहा मजले बिनभिंतीचे, हवेशीर. सॉफ्टवेअरने कुठेही कुरकूर केली नाही, आणि त्याने करावी तरी का? बिनभिंतीची इमारत बांधायला बंदी थोडीच आहे.

अशा आणखी खोड्या आहेत. स्लॅब-बीम-कॉलमचं स्वतःचं वजन सॉफ्टवेअर आपण होऊन मोजतं, पण ते कुठल्या भारात धरायचं, हे एका गुणकाने ठरतं. फरशीसाठी वेगळा भार तयार केला आणि तिथेही तो गुणक शून्याऐवजी एक ठेवला की सगळी इमारत दोनदा तोलली जाते. स्टॅडमध्ये हेच वजन खालच्या दिशेने आहे हे सांगायला उणे चिन्ह द्यावं लागतं. चिन्ह विसरलं तर इमारत वर उडायला निघते आणि प्रोग्रॅम तिच्या उड्डाणाचं गणितही चोख करून देतो. या चुका वाईट नाहीत, कारण त्यांचे आकडे इतके विचित्र येतात की लक्ष जातंच. घात करतो तो जवळपास बरोबर दिसणारा आकडा.

अमेरिकेत हार्टफर्ड शहरात अशाच आकड्याने स्टेडियमचं छप्पर खाली आणलं. पोलादी दांड्यांच्या जाळीचं ते अजस्र छप्पर कॉम्प्युटरच्या भरवशावर डिझाइन केलं होतं, आणि तेव्हा ते अपूर्वाईचं होतं. छपराचं स्वतःचं वजन प्रत्यक्षापेक्षा सुमारे वीस टक्के कमी धरलं गेलं. दांड्यांना बाजूने जेवढा आधार आहे असं मॉडेलमध्ये मानलं, तेवढा तो प्रत्यक्षात नव्हता. बांधकाम चालू असतानाच छप्पर अंदाजापेक्षा दुपटीने वाकलं होतं. तरी गणितावरचा विश्वास ढळला नाही. १८ जानेवारी १९७८च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना पाहून सुमारे पाच हजार माणसं घरी गेली होती.

आपल्याकडे बर्फ नाही, भूकंप आहे. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. तिथली घरं दगडमातीची, धाब्याची. त्यांत ना आरसीसी होतं ना इंजिनिअर, त्यामुळे सुमारे दहा हजार बळींचा दोष कुठल्या मॉडेलवर टाकता येत नाही. पण त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. त्या दिवशी लातुरात कोणी कॉम्प्युटरवर इमारत करत असता, तर त्यानेही धक्का नगण्यच धरला असता. २००२ साली नकाशा सुधारला आणि पहिलं क्षेत्रच रद्द झालं. त्या सुधारलेल्या नकाशात पुणे-मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आहेत, कोयना चौथ्यात.

भूकंपाचा भार म्हणजे मुळात इमारतीच्या वजनाचा एक हिस्सा, आडवा लावलेला. पुण्यातल्या साध्या सात मजली इमारतीला तो वजनाच्या चार टक्क्यांपर्यंत येतो. म्हणजे अडीच हजार टनांच्या इमारतीला शंभर टनांचा आडवा धक्का. त्या मुलाच्या मॉडेलमध्ये भिंती नव्हत्या, म्हणून तो बहात्तर टनांवर आला होता. उभा भार चुकला की आडवाही चुकतो, तो असा.

हे चार टक्के येतात कुठून, हे सांगितलंच पाहिजे, कारण सळईचा सगळा खेळ त्यात आहे. इमारत जराही न वाकता, न तडकता सगळा धक्का अंगावर घेणार असेल, तर पुण्यात तिला वजनाच्या वीस टक्के बळासाठी करावं लागेल. तेवढे जाड कॉलम कोणाला परवडणार? म्हणून भूकंपाचं मानक म्हणतं, सळईची बांधणी उत्तम असेल तर इमारत वाकेल, तडकेल, पण तुटणार नाही. तेव्हा बळाला पाचने भागा. साधीच बांधणी असेल तर तीनने भागा. सॉफ्टवेअरमध्ये ही एक चौकट आहे, तिथे पाच किंवा तीन टाइप करायचं. पाच लिहिलं की कॉलम बारीक होतात, लोखंड कमी लागतं, मालक खूश.

पण पाच लिहिणं म्हणजे साइटवरच्या फिटरच्या वतीने आपण वचन देणं. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या रिंगा घालतात, त्यांची टोकं एकशे पस्तीस अंशात आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात किमान पासष्ट मिलिमीटर रुतवायला हवीत. काटकोनात वळवलेली टोकं धक्क्यात बाहेरचं काँक्रीट निखळताच उघडतात आणि मग उभ्या सळया पापडासारख्या फुगून बाहेर येतात. तीनशे मिलिमीटर रुंदीच्या कॉलमला बीमच्या वर-खाली रिंगा पंचाहत्तर मिलिमीटरवर, म्हणजे तीन-तीन इंचांवर लागतात. एवढ्या दाट रिंगा आणि प्रत्येकीचं टोक आत वळवायचं, याला वेळ लागतो. फिटरला पैसे मिळतात टनावर. तो काटकोनात वळवून मोकळा होतो. पडद्यावरचा पाच तसाच राहतो. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी लबाडी या एका आकड्यात चालते, आणि ती करणाऱ्यांतले बरेच जण त्या चौकटीत पाच का लिहिलाय, हे सांगूही शकणार नाहीत.

भिंतींबद्दल आणखी एक. मॉडेलमध्ये विटांची भिंत वर्षानुवर्षं फक्त ओझं म्हणून टाकली जायची. पण भूकंपात चौकटीत गच्च बसलेली भिंत कॉलमांना वाकू देत नाही, ती मजला ताठ करते. मग वरचे सगळे मजले भिंतींनी ताठ आणि खाली पार्किंगचा मजला मोकळा, अशा इमारतीत सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या कॉलमांवर येतं. २६ जानेवारी २००१ला भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, अशा खाली मोकळ्या इमारती बसल्या. पडद्यावर मात्र त्या इमारतीचे सगळे मजले सारखेच लवचीक दिसले असते. २०१६च्या सुधारित आयएस १८९३ मानकात भिंतीच्या जागी तिरपी दांडी टाकून तिचा ताठपणा गणितात आणायची रीत दिली आहे. बीमला तडे जातातच, हे धरून त्याचा ताठपणा पस्तीस टक्के आणि कॉलमचा सत्तर टक्केच मोजा, असंही त्यात आहे. हे सगळं हाताने भरावं लागतं. न भरताही प्रोग्रॅम चालतो.

एवढं करून सॉफ्टवेअर देतं काय? आकडा. लोक समजतात, कॉम्प्युटर सळयांचं चित्र काढून देतो. प्रत्यक्षात बीमच्या टोकाला वरच्या बाजूला लिहून येतं : ११३०. याचा अर्थ इथे अकराशे तीस चौरस मिलिमीटर छेदाचं लोखंड हवं. बाजारात ते सळयांत मिळतं : बारा, सोळा, वीस, पंचवीस मिलिमीटर. जुने फिटर अजून सुतात बोलतात, तीन सूत म्हणजे दहाची, चार सूत म्हणजे बाराची. सोळाच्या एका सळईचा छेद २०१, वीसच्या सळईचा ३१४. सहा सोळा घेतल्या तर १२०६ भरतात आणि चार वीस घेतल्या तर १२५७. कागदावर सहा सोळा स्वस्त, लोखंड कमी.

आता बीमची रुंदी पाहा, नऊ इंच, म्हणजे २३० मिलिमीटर. दोन्हीकडे पंचवीस मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, आणि आठची रिंग गेली की आत उरतात १६४. त्यात सहा सोळांनी ९६ खाल्ले. उरलेले ६८ पाच फटींत वाटले तर एकेक फट साडेतेरा मिलिमीटरची. आपली खडी वीस मिलिमीटरची. ती सळयांच्या वरच अडकून बसणार आणि खाली जाणार नुसता सिमेंटचा रस. फट खडीपेक्षा निदान पाच मिलिमीटर मोठी हवी, असं काँक्रीटचं मानक सांगतं. चार वीस बसवल्या तर फट अठ्ठावीसची मिळते. खडी उतरते, काँक्रीट भरतं. म्हणून चार वीस. शेवटच्या कॉलमपाशी दोन दिशांचे बीम आणि कॉलमच्या सळया एकाच जागेत घुसतात, तिथे हा हिशेब पुन्हा करायचा. साइटवरून फोन येतो, "मॅडम, इथं वीसची सळईच शिरंना. सोळा टाकू का?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही खिडकीत नसतं. ड्रॉइंग काढून त्या गर्दीतल्या सळया एकेक मोजाव्या लागतात.

सळई कमी पडली तर काय होतं, याचं सगळ्यात महागडं उदाहरण नॉर्वेत घडलं. समुद्रातून वायू काढायला 'स्लाइप्नर ए' नावाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता, चोवीस पोकळ नळकांडी एकमेकांना चिकटवून केलेला. २३ ऑगस्ट १९९१ला स्टॅव्हेंजरजवळच्या फियॉर्डमध्ये तो पाण्यात खाली उतरवत असताना मोठा आवाज झाला, भिंत फुटली आणि पाणी आत घुसलं. पाऊण तासही लागला नाही, अख्खा पाया तळाला गेला. तळावर आदळल्याच्या धक्क्याची भूकंपमापकावर तीन रिश्टरची नोंद झाली. माणसं वाचली, नुकसान मात्र सुमारे सत्तर कोटी डॉलरचं.

चौकशीत निघालं ते आमच्या रोजच्या कामातलं होतं. तीन नळकांडी जिथे भेटतात, तिथल्या भिंतीचं जाळं मॉडेलमध्ये फार मोठ्या आणि वेड्यावाकड्या चौकोनांचं होतं. त्यामुळे भिंत कापू पाहणारं बळ सत्तेचाळीस टक्के कमी आलं. त्या कमी बळाला पुरेल एवढंच लोखंड दिलं आणि तिथल्या टोपीवाल्या सळयाही भिंतीच्या पार पलीकडपर्यंत नेल्या नाहीत. बारीक जाळं घेऊन पुन्हा गणित केलं, तेव्हा भिंत पाण्याखाली बासष्ट मीटरवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती पासष्टवर फुटली होती. बरोबर उत्तर द्यायची ताकद मशीनमध्ये तेव्हाही होती. नव्या पायाचं डिझाइन तिथल्या इंजिनिअरांनी कॉम्प्युटरच्या आधीच्या काळातल्या, हाताच्या पद्धतींनी सुरू केलं. मला ही त्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

आता आपल्या बाल्कनीकडे येऊ. भिंतीबाहेर लोंबणारा स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो, म्हणून त्याच्या मुख्य सळया वर लागतात. सहा इंची स्लॅबमध्ये त्या वरून वीस मिलिमीटर कव्हरखाली बसल्या, तर खालच्या पृष्ठापासून त्यांची उंची १२५ मिलिमीटर. सॉफ्टवेअर हीच उंची धरून चालतं. स्लॅब टाकायच्या दिवशी काय होतं ते पाहा. पंपाचा पाइप ओढत दहा-बारा माणसं त्याच जाळीवरून फिरतात, व्हायब्रेटरवाला नळी घेऊन तिच्यावर उभा राहतो. सळयांखाली लोखंडी चेअर पुरेशा नसतील तर जाळी चाळीस मिलिमीटर सहज दबते. १२५ची उंची ८५ झाली, म्हणजे ताकद जवळजवळ एक तृतीयांश गेली. सळया तेवढ्याच, बिलात लोखंड तेवढंच, बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून बाल्कनीचा स्लॅब टाकताना मी साइटवर असते आणि चेअर मोजते. कंत्राटदार मला त्यावरून हसतात, हसू देत.

आणि मग लोक राहायला येतात. बाल्कनी आत घेऊन तिथे विटांची भिंत, गच्चीवर जास्तीची दहा हजार लिटरची टाकी, म्हणजे दहा टन. हल्ली टेरेस गार्डनची हौस आहे. फूटभर ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या पुढे जाते. माणसं वावरणाऱ्या गच्चीला मानकाने धरलेत दीडशे. जुनी फरशी न काढता तिच्यावरच मार्बल बसवणं तर घरोघर. यांतला एकही भार त्या इमारतीच्या फाइलमध्ये नसतो. दीडच्या गुणकात सगळं खपून जाईल, असं म्हणणारे भेटतात. तो दीड मजुराचा हात आणि आमचे अंदाज सांभाळायला ठेवलेला असतो, बागेसाठी नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेलीचं तीन वर्षांतून एकदा करायला सांगितलं आहे. ऑडिटला गेलं की पहिली अडचण एकच, आरसीसी ड्रॉइंग कोणाकडेच नसतं. मग काँक्रीटमधल्या सळया यंत्राने चाचपडत शोधाव्या लागतात. नवीन फ्लॅट घेत असाल तर संस्था स्थापन होताच बिल्डरकडून आरसीसी ड्रॉइंगचा पूर्ण संच मागून घ्या आणि त्यासोबत धरलेल्या भारांचं एक पान : भिंती कशाच्या, गच्चीला किती, टाकी कुठे आणि केवढी, भूकंपाच्या बळाला पाचने भागलंय की तीनने. रेराच्या कायद्याप्रमाणे कागदपत्रं आणि नकाशे संस्थेच्या हवाली करणं बिल्डरवर बंधनकारक आहे, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला दोष दाखवून दिला तर तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची जबाबदारीही त्याचीच आहे. संच मिळाला की त्याच्या दोन प्रती काढा, एक संस्थेच्या कपाटात आणि एक सेक्रेटरीच्या घराबाहेर दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा.